कोसमघाटचं जाळं आणि माझं क्रियापद

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आज माझ्यावर घोर अन्याय झाला. इतिहास त्याची दखल घेणार नाही, म्हणून मीच घेते.

सावलीला, तालुक्याच्या गावी, शिक्षकांची बैठक होती. ‘एक शिक्षक, एक क्रियापद’ अशी नवी योजना वरून आली आहे. वरून म्हणजे नक्की कुठून, हे कोणी विचारत नाही. गारपीटही वरूनच येते. इंग्रजी शिकवणाऱ्या प्रत्येकाने एक क्रियापद घ्यायचं, ते मुलांना ‘परिसराशी जोडून’ शिकवायचं आणि तपासणीचं पथक येईल तेव्हा प्रात्यक्षिक करून दाखवायचं. स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. पलीकडच्या गावच्या सुनिल सरांनी हात घातला आणि ‘जम्प’ काढला. दुसऱ्या एका मॅडमना ‘ईट’ मिळाला. त्यांच्या शाळेतली खिचडी प्रसिद्ध आहे, म्हणजे प्रात्यक्षिक रोजच होतं. एका सरांना ‘स्लीप’. त्यांचा तर स्वतःचाच सराव दांडगा.

मला ‘डिसएंटँगल’.

मी म्हटलं, बदलून द्या. उत्तर आलं, “मॅडम, शब्द नशिबानं मिळते.” सुनिल सर गालातल्या गालात हसत म्हणाले, “तुमी हुशार आहा न, म्हणून तुमाले कठीण आला.” हुशार माणसाला शिक्षा देण्याची ही आपली जुनी पद्धत आहे.

प्रात्यक्षिक २७ फेब्रुवारीला. म्हणजे मराठी भाषा गौरव दिनी. सकाळी मराठीचा गौरव करायचा आणि दुपारी डिसएंटँगल. ही तारीख ठरवणाऱ्याला विनोद कळत असेल असं वाटत नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

रात्री शब्दकोश घेऊन बसले. खरं सांगायचं तर हा शब्द मी आयुष्यात कधी तोंडाने उच्चारला नव्हता. आरशासमोर उच्चारून पाहिला. जीभच गुंतली.

आता समजलं ते असं. ‘अनटँगल’ म्हटलं की गुंता सुटतो. ‘डिसएंटँगल’ म्हटलं की गुंत्यातून कोणीतरी सुटतं. मागे बहुतेक वेळा ‘फ्रॉम’ लागतो. तारेतून शेळी सुटते, अफवेतून खरी गोष्ट सुटते, लांबलेल्या बैठकीतून आपण सुटतो. संबंधातून अंग काढून घेणं, हाही एक अर्थ. ‘अनरॅव्हल’ त्याच कुळातला, पण भरवशाचा नाही: कोडंही उलगडतो आणि अंगावरचा स्वेटरही उसवतो. अशी माणसं आमच्या नात्यात आहेत.

वर्गात विचारलं, “आपल्याकडं काय काय गुततं?” तर सातवीचा वर्ग जो सुटला! केसात बोरीचं काटं गुततं, पतंग बाभळीत गुतते, बकरीचं दावं गुततं, पवनच्या मामाचं लग्न दोन वर्षांपासून गुतलं आहे. आणि सोडवायला किती शब्द: केस विंचरायचे, दोर उकलायचा, भांडण मिटवायचं, पाहुण्यांनी करून ठेवलेलं आपण निस्तरायचं. इंग्रजांनी एवढ्या सगळ्या कामांना एकच शब्द ठेवला. मग राज्य सोडून जावं लागलं तर नवल काय.

खुशबू म्हणाली, “मॅडम, आपल्या गावचं जाळं बी गुतलं आहे.” पवनने तिला कोपराने ढोसलं. मी फळा पुसला आणि तास आवरला. शाळा सुटायची वेळ झाली होती.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

जाळ्याची गोष्ट आज मुख्याध्यापकांकडून कळली. वामनराव सर मे महिन्यात निवृत्त होणार आहेत. आता त्यांना प्रत्येक गोष्टीचा फोटो हवा असतो आणि कोणत्याच गोष्टीचा त्रास नको असतो.

कोसमघाटचं तळं या वर्षी गावसभेने पहिल्यांदाच ढिवर, म्हणजे मासेमार समाजाच्या, बायकांच्या गटाला दिलं. आधी ते ठेकेदाराकडे असायचं. अट एकच: होळीच्या आत जाळं ओढून मासळी काढून दाखवायची. नाही जमलं तर तळं पुन्हा ठेकेदाराकडे. तो दर आठ-पंधरा दिवसांनी मोटारसायकलवर येतो, पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, उभा राहून पाण्याकडे पाहतो आणि जातो. म्हणे हवा खायला येतो.

गटाचं मोठं जाळं म्हणजे रुखमाबाईंच्या सासऱ्याचं. दोन भावांच्या वाटणीत त्याचे दोन तुकडे झाले. एक रुखमाबाईंकडे, एक त्यांच्या धाकट्या जावेकडे, सीताबाईकडे. खुशबूची आई ती. गट झाला तेव्हा दोघींनी आपापला तुकडा आणून पुन्हा जोडला. लोक म्हणाले, बायकांनी वाटणी मोडून दाखवली.

पण त्याच्या आधीपासूनच दोघींत बोलणं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी रुखमाबाईंच्या पोराचं लग्न झालं. त्यांनी सीताबाईला पहिल्या पंगतीत पाहुण्यांबरोबर बसवलं, कुंकू लावलं, स्वतः वाढलं. त्या दिवसापासून सीताबाई त्यांच्याशी बोलली नाही. जानेवारीत कशावरून तरी ठिणगी पडली आणि दोघी एकाच वेळी समाजमंदिरात शिरल्या. “माझं जाळं मी नेतो” म्हणून एकीने एका दाराने आपला तुकडा ओढला, दुसरीने दुसऱ्या दाराने. मधली शिवण काही तुटली नाही. आता जाळं तरंगतं ठेवणारे तुंबे, ते बुडवणारे शिशाचे मणके आणि दोरे यांचा बैलाएवढा गोळा समाजमंदिराच्या ओट्यावर पडून आहे.

“मग सोडवत का नाहीत?”

“सोडवीन कोण? इथली रीत आहे मॅडम, ज्यानं गुतवलं त्यानं सोडवावं. जी पयले हात लावन, तिनंच गुतवलं असं होईन. गटातल्या बाकीच्या बाया बी कोणी हिची, कोणी तिची. कोणीच हात लावत नाही.” मग सर सुस्कारा टाकून म्हणाले, “मान दिला तर राग आला. बायकांचं काही समजत नाही.”

माझी आणि सरांची मतं सहसा जुळत नाहीत. आज जुळली. मला कोणी पहिल्या पंगतीत बसवून वाढलं तर मी निमूट दुसरा लाडू मागेन.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मधल्या सुट्टीत रुखमाबाई शाळेत आल्या. उंच, हाडापेराने मोठ्या, आवाज तळ्याच्या या पाळीवरून त्या पाळीवर जाईल असा. मी प्रात्यक्षिकासाठी सुतळीचा गुंता करत बसले होते. गुंता करायचा म्हटलं की तोही धड होत नाही.

“मॅडम, तुमच्या त्या शब्दाले सामान लागते म्हणे.”

“सुतळी आणली न जी मी.”

“सुतळी?” त्या सुतळीकडे असं पाहत राहिल्या, जसं एखाद्याने लग्नात कढीला पळीभर ताक आणावं. “सातवीचे पोट्टे होय थे. लहान गुतं लहान लेकरायले. मोठ्यायले मोठं पाह्यजे.” मग खिडकीतून समाजमंदिराकडे बघत बसल्या. शेवटी उठल्या. “मी आली होती हे कोनाले सांगू नका.”

“काऊन?”

“असंच. पायात काटा गेला म्हणून टेकली होती म्हना.”

काटा दिसला नाही. त्यांनी काढलाही नाही. खेड्यातली माणसं मास्तरणीच्या खुर्चीजवळ दोन घटका बसायला निमित्त शोधतात, हे मी पूर्वीही पाहिलं आहे. सुतळीबद्दलचं त्यांचं मत मात्र लागलं. उद्या नायलॉनची दोरी आणते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

नायलॉनची दोरी चांगली गुंतते. इतकी, की मला सोडवता येईना. वर्गासमोर घाम फुटला. ‘जम्प’वाल्यांची मुलं या वेळी आनंदाने उड्या मारत असतील, या विचाराने अधिक फुटला. हा उपक्रम माझ्याच्याने होईल का, अशी शंका आज पहिल्यांदा आली. माझं इंग्रजी पुस्तकातून पुस्तकात गेलेलं. जगात ते कुठेच उतरलेलं नाही.

चार वाजता स्कुटी काढत होते तर सीताबाई फाटकाशी उभी. बारीक चणीची, चालताना पाऊल वाजत नाही अशी. तीन वर्षांत कधी आली नाही. आज विचारते, “खुशबूचं इंग्रजी कसं का आहे जी?”

“बरं आहे.”

“हो का.” मग खुशबूचं इंग्रजी संपलं. “मॅडम, शाळेच्या मैदानात जे आणलं थे कोनाचं होते?”

“शाळेचं.”

“म्हनजे कोनाचंच नाई?”

“म्हणजे सरकारचं.”

“मंग तिथी काई सुटलं, तं सरकारनं सोडवलं म्हना. कोनी कोनाले हारली नाई.” एवढं बोलून ती फाटकाच्या गजाला लागलेला गंज नखाने खरवडत राहिली. “मी इचारलं हे मोठ्या बाईले… कोनालेच सांगू नका.”

सार्वजनिक मालमत्तेविषयी पालकांमध्ये एवढं कुतूहल आहे, हे पाहून बरं वाटलं. नागरिकशास्त्राच्या तासाला हा प्रश्न वापरावा.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज स्कुटीवर, पळस फुललेल्या वळणाशी, मला एक कल्पना सुचली. पूर्णपणे माझी.

जाळंच आणायचं! समाजमंदिरावरचं ते जाळं शाळेच्या मैदानात आणायचं आणि पथकासमोर मुलांकडून सोडवून घ्यायचं. परिसराशी याहून अधिक ते काय जोडणार? एवढी सरळ गोष्ट गावात कोणालाच कशी सुचली नाही, याचं आश्चर्य वाटत सावलीपर्यंत गेले. बाहेरून आलेल्या डोळ्याला दिसतं, आतल्यांना दिसत नाही, हेच खरं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

गटाच्या बायकांसमोर प्रस्ताव मांडला. अर्धा तास समजवावं लागेल म्हणून मुद्दे काढून नेले होते. पहिल्या मुद्द्यालाच रुखमाबाई म्हणाल्या, “शाळेच्या कामाले नाई कशी म्हनू?”

सीताबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “लेकरायच्या शिक्शनाच्या आड कोन येईन?”

उरलेल्या मुद्द्यांचं काय करावं ते कळेना. माझ्या बोलण्यात वजन आहे, हे मला माहीत होतं. इतकं आहे हे नव्हतं.

निघताना रुखमाबाईंनी बजावलं, “पन एक सांगतो मॅडम. जाळ्याले ज्याचा हात लागला, त्याले मासळीचा वाटा द्या लागते. पोट्टे हात लावन तं पोट्ट्यायले बी वाटा. हे पक्कं.” गटातली एक बाई कुरकुरली की मग आपल्याला काय उरेल. रुखमाबाईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. “गुतल्या जाळ्यात किती मासळी आली आजलोक?”

२५ फेब्रुवारी, मंगळवार

उद्या महाशिवरात्र. अर्धं गाव आजच मार्कंड्याच्या जत्रेला निघालं, म्हणून जाळं आजच आणलं. बांबूला बांधून मुलांनी ते असं वाहून आणलं की लोक घराबाहेर येऊन पाहू लागले. एका म्हाताऱ्याने हात जोडले. कोणाची मिरवणूक आहे हे त्यालाही माहीत नसावं.

वामनराव सरांना भीती की जाळं फाटलं तर शाळेवर येईल. “निवृत्तीला आलो मॅडम, मले यात गुतवू नका.” हे डिसएंटँगलच्या चौथ्या अर्थाचं उत्तम उदाहरण म्हणून मी लिहून ठेवलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी मराठीचा गौरव झाला. दुपारची हकिगत सविस्तर लिहिते.

नागभीडची टसर साडी नेसले होते. पथक येणार अकराला, आलं अडीचला. सुनिल सरांच्या शाळेत उड्या संपता संपत नव्हत्या. जीपमधून तिघं उतरले. त्यातल्या मुख्य साहेबांनी गोळ्याकडे पाहून विचारलं, “हे काय आहे?”

मी छडी उचलली आणि क्रियापदाचे चारही अर्थ सांगितले. एकदाही अडखळले नाही. मग मुलांना म्हटलं, “स्टार्ट!”

मुलांनी चारी बाजूंनी जाळं धरलं आणि ओढलं. सगळ्यांनी. जोरात. गोळा लहान झाला आणि दगडासारखा घट्ट बसला. एक शिशाचा मणका उडून वामनराव सरांच्या नडगीला लागला. साहेबांनी घड्याळ पाहिलं, मुलांबरोबर फोटो काढला, “चांगला उपक्रम” म्हणाले आणि जीप गेली. धूळ बसेपर्यंत मी छडी धरून उभी होते. रडू येईल असं वाटत होतं. चार अर्थ पाठ आहेत आणि एक फास सुटत नाही.

तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला. “ओढू नका रे पोट्टेहो! गाठ बसून राह्यली न!”

रुखमाबाई. पदर खोचून आत आल्या आणि गोळ्याच्या एका बाजूला बसल्या. “मी नाई सोडवून राह्यली, हं. पोट्ट्यायले सांगून राह्यली.” त्या वाक्याचं शेवटचं अक्षर हवेत होतं तोवर दुसऱ्या फाटकातून सीताबाई. ती बरोबर समोर जाऊन बसली. “मी बी लेकरायलेच सांगाले आली.” पाहता पाहता गटातल्या सगळ्या बायका मैदानात. सगळ्या फक्त सांगायला आलेल्या. सांगता सांगता सगळ्यांचे हात जाळ्यात.

दोघी जावा एकमेकींशी बोलेनात. मधे खुशबू.

“खुशबू, तुझ्या मोठ्या मायले सांग, तिकडचा फास सैल सोड म्हना.”

“मोठी माय, फास सैल सोड म्हणते.”

“तुझ्या मायले म्हना, सोडला कवाचा. तिनं आपलं टोक दाबून ठेवलं.”

“माय, तू टोक दाबून ठेवलं म्हणते.”

“दाबलं नाई, धरलं म्हना! सोडलं तं निसटन.”

असं तासभर चाललं. बिचाऱ्या पोरीची मान दुखायला लागली. मग कधीतरी मी पाहिलं तर खुशबू उठून पाणी प्यायला गेलेली आणि मधली जागा रिकामी.

“थो तुंबा इकडं दे.”

“घे. पन दोर वरतून काढजो.”

“वरतून नाई, खालतून होय थो.”

“खालतूनच सांगून राह्यली मी.”

निरोप पाठवण्याची ती पद्धत फार वेळ खाते, हे त्यांच्याही लक्षात आलं असावं.

मी छडीने कुठे काय अडकलं आहे ते दाखवत होते. टसरला डाग पडू नये म्हणून जरा लांबूनच. सूर्य कलला. रस्त्यावर वाघाचा वावर आहे म्हणून अंधाराआधी निघावं लागलं. निघताना अर्धंही सुटलं नव्हतं.

१ मार्च, शनिवार

सुटलं!

सकाळची शाळा. फाटकातून आत शिरले आणि ब्रेक दाबला. शाळेच्या मैदानात मैदानच दिसत नव्हतं. झेंड्याच्या ओट्यापासून हापशीपर्यंत, हापशीवरून किचन शेडवर, तिथून चिंचेच्या फांदीला वळसा घालून परत, सगळीकडे जाळं. जाळ्याचं प्रत्येक घर उघडं, प्रत्येक दोर वेगळा, मधली शिवण जशीच्या तशी. दोन दिवस राबून त्यांनी शेवटचा फास आज पहाटे काढला म्हणे. पोरं जाळ्याखालून रांगत वर्गात गेली. वामनराव सरांनी फोटो काढायला मोबाईल उचलला आणि फोटोच काढायचा विसरले.

फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: डिसएंटँगल्ड. भूतकाळ. वर्गाने एका आवाजात वाचलं. असा उच्चार कुठल्या कॉन्व्हेंटमध्ये होत असेल तर दाखवा.

शेवटचा फास कोणी काढला, हे मी विचारलं. रुखमाबाई म्हणाल्या, “शाळेनं.” सीताबाई म्हणाली, “सरकारनं.” गावाला हे लगेच पटलं. एवढं श्रेय मला मिळेल असं वाटलं नव्हतं.

९ मार्च, रविवार

होळी चार दिवसांवर. आज जाळं ओढलं.

माझा नवरा प्रफुल कोरपन्याच्या सिमेंट कारखान्यातून शनिवारी घरी येतो. त्यालाही घेऊन गेले. पाळीवर सगळं गाव. ठेकेदारही आलेला, हवा खायला. आधी रुखमाबाईंनी तळ्याच्या काठावर नारळ फोडला, मग दोन डोंगे, लाकडाच्या लहान होड्या, जाळं सोडत सोडत पाण्यात गेले. अर्धचंद्र झाला. तुंबे एका ओळीत डुलायला लागले. दोन्ही टोकं काठाला आली, तशा बायका कमरेपर्यंत पाण्यात उतरल्या. एका टोकावर रुखमाबाई. सीताबाई जरा बाजूला, पदर सावरत उभी, कोणी बोलावतं का पाहत असल्यासारखी.

आणि रुखमाबाईंचा आवाज फुटला.

“ए सीते! तमाशा पाहून राह्यली का? पाहुनी आलीस का वो तू? धर थो दोर! मेलीले सांगा लागते सगळं!”

सगळ्या गावासमोर. ठेकेदारासमोर. वामनराव सर व्हिडिओ काढत होते, ते म्हणाले, हा आवाज बंद करूनच पाठवावा लागेल. मलाच वाईट वाटलं. दोन वर्षांनी सूत जुळत होतं आणि ही बाई अशी बोलली! आता सीताबाई पुन्हा निघून जाणार, असं मी प्रफुलला म्हणाले.

पण सीताबाई पळत पाण्यात शिरली. सगळे दात दिसत होते. “धरला न वो बाई! वरडू नको, मासळी पळन!”

“पळत नाई मासळी. तूच पळतस. खाली दाब, शिसं उचललं!”

“तूच उचललं!”

अशा शिव्या देत दोघींनी जाळं ओढलं, आणि बाकीच्यांनी ओढलं, आणि आधी पाणी गढूळ झालं, मग हललं, मग उकळल्यासारखं झालं. पहिली कतला उडाली ती जाळ्यावरून पलीकडे गेली. दुसरी रुखमाबाईंच्या खांद्याला लागली. मग काठाला चांदीच चांदी. रोहू, कतला, मरळ, ओंजळी ओंजळीने झिंगे. पोरं ओरडत होती, म्हाताऱ्या ओरडत होत्या, वामनराव सर मोबाईल खिशात टाकून पँट वर न करताच पाण्यात उतरले. गावसभेचा अध्यक्ष लच्छू पाळीवर उभा राहून ओरडला, “तळं बायायचं! पुढल्या साली बी बायायचं! कोनाले काई म्हनाचं असन तं आता म्हना!” त्याच वेळी ठेकेदाराची मोटारसायकल सुरू होऊन गेल्याचं मागाहून आठवलं.

मी सीताबाईजवळ जाऊन हळूच म्हटलं, “त्यांचं बोलणं मनावर घेऊ नका.”

ती म्हणाली, “दोन साल झाले मॅडम, तिनं मले असं घरच्यावानी बोलून.” आणि ओल्या हाताने डोळे पुसायला लागली. तळ्याचं पाणी गेलं असणार.

पळसाच्या पानांवर वाटे घातले. गटाच्या बायका, मग मुलं, ज्याचा ज्याचा हात लागला तो प्रत्येक जण. शेवटी रुखमाबाईंनी एक पान माझ्यापुढे केलं. वर मोठी रोहू. “हा मॅडमचा.”

मी ती सगळ्यांसमोर दोन्ही हातांनी घेतली.

रात्री तळली. असा मासा मी वर्षानुवर्षं खाल्ला नव्हता. काटे बाजूला काढत प्रफुल म्हणाला, “हात लागला त्यालाच वाटा म्हणे. तू काय केलं होतं?”

“मार्गदर्शन.”

“हाताने?”

“छडीने.”

त्याने आणखी एक तुकडा घेतला. मीही घेतला, पण तो पहिल्यासारखा लागला नाही.

१० मार्च, सोमवार

योजनेचा निकाल आला. प्रथम क्रमांक: ‘जम्प’. आमच्या शाळेबद्दल शेरा असा: ‘प्रात्यक्षिक अपूर्ण.’

सुनिल सरांना फोन करून अभिनंदन केलं. मनापासून केलं, याचं मलाच आश्चर्य वाटलं. त्यांनी विचारलं, “तुमचं का झालं मॅडम?” मी म्हटलं, “आमचं अपूर्ण होतं. आता रोहू, कतला आणि मरळ झालं.” त्यांना समजलं नाही. उड्या मारणाऱ्यांना समजणारही नाही.

१२ मार्च, बुधवार

मुलं कमी होती. मोहाची फुलं पडायला लागली. पहाटे वेचायला जातात आणि वर्गात येऊन पेंगतात.

आज जुनी सुती साडी नेसून गेले होते. शाळा सुटल्यावर समाजमंदिरात गेले. जाळं ओट्यावर वाळत घातलेलं. एका टोकाची साफसफाई झालेली, बाकीच्यात शेवाळ, काड्या, फुटलेले शिंपले तसेच. आसपास कोणी नव्हतं. खाली बसले आणि एकेका घरातलं शेवाळ काढू लागले. नखात जातं, सुटता सुटत नाही. वाळलं की दोऱ्याला चिकटून बसतं. आधी पाणी शिंपडावं लागतं, हे थोड्या वेळाने समजलं. बोटांच्या टोकांना चिरा पडल्या.

रुखमाबाई कळशी घेऊन जाताना थांबल्या.

“का वो मॅडम, हे काऊन?”

“वाटा खाल्ला न जी.”

त्यांनी माझे हात पाहिले. मग हनुवटीने ओट्याचा पलीकडचा कोपरा दाखवला.

“तिकडलं राह्यलं.”

आणि कळशी सावरत गेल्या. मी तिकडलंही केलं.